काटा तेराच्या खाली आला की

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय प्रेशर कॅनरबद्दल, म्हणजे भाज्या बरणीत बंद करून वर्षभर टिकवायच्या मोठ्या कुकरबद्दल. माझी ताई अमेरिकेत डेन्व्हरला असते, समुद्रसपाटीपासून 1,600 मीटर उंचावर. परसात फरसबी भरपूर येते, ती बरण्यांत भरून ठेवते.

मी गेले तेव्हा लिटरभराच्या सात बरण्या कॅनरमध्ये लावल्या, झाकण घट्ट केलं. मी सवयीने लगेच वजन ठेवायला गेले, तर तिने हात धरला. "थांब गं, आधी 10 मिनिटं वाफ मोकळी जाऊ दे." आत हवा कोंडली, तर काटा दाब दाखवतो, पण आतली उष्णता कमीच असते.

काटा 13 पौंडांवर आला. ताईने 25 मिनिटं लावली आणि फोन घ्यायला गेली. काटा चढायला लागला म्हणून मी आच कमी केली, तर तो 12 वर उतरला. तोवर 18 मिनिटं झाली होती. ताईने येऊन आच वाढवली, काटा 13 वर आल्यावर घड्याळ परत 25 वर लावलं.

"अगं, सातच मिनिटं उरली होती ना?"

"नाही. पुन्हा पहिल्यापासून."

श्रोतेहो, एवढं नक्की लक्षात ठेवा. काटा खाली उतरला, की वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायची. बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. फरसबीला आंबटपणा नाही, बंद बरणीत हवा नाही. तिथे ते रुजतात आणि जीवघेणं विष तयार करतात. वासावरून ते कळेलच असं नाही. त्यांना मारायला साधारण 116 अंश लागतात. उंचावर हवा विरळ, म्हणून डेन्व्हरला 13 पौंड. समुद्रकाठी काट्याच्या कॅनरला 11 पुरतात.

आपली शिट्ट्या मोजायची पद्धत मला कधीच पटली नाही. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या भराभर होतात, डाळ कच्चीच राहते. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करावी आणि घड्याळ बघावं. गॅसही वाचतो.

तर, वेळ पूर्ण झाल्यावर ताईने आच बंद केली. मी चमच्याने वजन उचलणार, तेवढ्यात ती ओरडली, "हात लावू नकोस!" वाफ सोडायची नाही, वर गार पाणी ओतायचं नाही. दाब एकदम उतरला, तर बरण्यांतलं पाणी बाहेर उसळतं आणि झाकणं धरत नाहीत. काटा आपोआप शून्यावर आला, मग वजन काढलं, आणखी 10 मिनिटं थांबलो, मग झाकण तोंडापासून पलीकडे उचललं. घरच्या लहान कुकरमध्ये हे करू नका. तो फार लवकर तापतो, फार लवकर निवतो.

बरण्या ओट्यावर टॉवेलवर ठेवल्या. निवताना एकेक झाकण आत ओढलं जाऊन 'टक्' वाजत होतं. सहा वाजली. सातवी वाजली नाही. त्या बरणीतल्या फरसबीला ताईने त्याच रात्री चांगली उकळी दिली, ओलं खोबरं घालून भाजी केली, आणि आम्ही ती संपवली.