पाणी वळेल तेव्हा निघायचं

[दृश्य : रात्र. बोटीच्या केबिनमधलं छोटं टेबल. त्यावर सागरी नकाशा, पेन्सिल, कंपास आणि वही.]

उद्या पहाटे निघायचं आहे. किती वाजता, ते अजून ठरायचंय.

ही केप मेची गोदी, न्यू जर्सीचं अगदी दक्षिण टोक. एडिसनच्या मराठी वस्तीतून गाडीनं इथं यायला दोन-सव्वादोन तास लागतात. उन्हाळ्यात कितीतरी मराठी कुटुंबं इथल्या पुळणीवर येतात आणि संध्याकाळी परततात. आम्हाला मात्र इथून पुढे जायचंय, पाण्यानं. आधी केप मेचा छोटा कालवा, मग डेलावेअरचा उपसागर, मग चेसापीक-डेलावेअर कालवा आणि त्यापलीकडे चेसापीकचा उपसागर.

बोट 34 फुटी, एका डिझेल इंजिनाची. वेग आठ नॉट, म्हणजे तासाला जेमतेम पंधरा किलोमीटर. बरी सायकल चालवणारा हिला मागे टाकेल. म्हणून तर वहीत एवढी आकडेमोड चालली आहे.

गुहागरला आमच्या घरी भरतीची वेळ काढायला फक्त तिथी लागायची. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर पाऊणकीत आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. नवमीला पावणेसात. आजोबा बोटांवर मोजून सांगत आणि होडी त्या हिशेबानं पाण्यात जाई. ते गणित कोकण किनाऱ्याचं, इथं जसंच्या तसं लागू होत नाही. पण चंद्र तोच आहे, आणि भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते ती इथंही.

[दृश्य : नकाशावर कंपास अंतर मोजत पुढे सरकतो.]

केप मे कालव्याच्या पश्चिम तोंडापासून रीडी पॉइंटपर्यंत, म्हणजे चेसापीक-डेलावेअर कालव्याच्या तोंडापर्यंत, सुमारे 50 सागरी मैल. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. मागून दीड नॉटचा ओढा, म्हणजे पाण्याचा प्रवाह, मिळाला तर सव्वापाच तास. तोच ओढा समोरून आला तर साडेसात तासांहून जास्त. इंजिन तेच, तासाला डिझेल तेवढंच, आणि वाट जवळजवळ अडीच तासांनी लांबते.

डेलावेअर उपसागराचा एक मोठा गुण आहे. समुद्राच्या तोंडाशी आलेली भरती वर रीडी पॉइंटला पोचायला तीन तासांहून जास्त घेते. म्हणजे पाणी भरत भरत वर सरकतं. त्याच्याबरोबर आपणही वर निघालो, तर एकाच भरतीची साथ सहा तासांच्या पुढेही टिकते. खाली समुद्राकडे येणाऱ्या बोटीला हे सुख नाही, तिला वाटेत उलटं पाणी भेटतंच. आमची दिशा भाग्याची आहे.

इथं नवा माणूस हटकून एक चूक करतो. तो भरतीच्या उंचीचं कोष्टक उघडतो. पाण्याची उंची आणि पाण्याची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळी उतरायची थांबली म्हणजे त्याच क्षणी प्रवाह वळला असं होत नाही. प्रवाहाची कोष्टकं वेगळी असतात, आणि निघायची वेळ त्यांवरूनच काढायची.

उद्या तोंडाशी प्रवाह साडेसहाला आत वळतोय. गोदीपासून कालवा पार करायला, शिस्तीत, लाट न उठवता, पाऊण तास. म्हणजे दोर सोडायचे पावणेसहाला.

वहीत वेळ लिहिली. तिच्यापुढे प्रश्नचिन्हही काढलं, कारण वारा अजून पाहायचा आहे.

हा उपसागर रुंद आहे आणि उथळही. वारा आणि पाणी एका दिशेनं जात असतील तर हा शांत. दोघं समोरासमोर आले की लाटा उभ्या राहतात, आखूड आणि लागोपाठ, बोटीला श्वास घेऊ देत नाहीत. उद्या आमचं पाणी वायव्येकडे जाणार. वायव्येकडूनच पंधरा-वीस नॉटचा वारा आला तर निघायचंच नाही. वाटेत खोल पाण्याचा आडोसा जवळजवळ नाही. जर्सीच्या बाजूला कोहान्सी नदीचं मुख आहे, पण तिथवर पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त उपसागर ओलांडलेला असतो. म्हणून थांबायचा निर्णय इथं, गोदीत, रात्रीच घ्यायचा. मध्यावर जाऊन घेतलेल्या निर्णयाला काही अर्थ उरत नाही.

हवामानखात्याचा अंदाज : नैर्ऋत्येचा वारा, दहा नॉट. दुपारनंतर गडगडाटी पावसाची शक्यता.

प्रश्नचिन्ह खोडलं.

[दृश्य : पहाट. धुकट उजेडात केप मे कालवा. दोन्ही काठांवर झाडी.]

हा कालवा दुसऱ्या महायुद्धानं दिला. 1942 मध्ये जर्मन पाणबुड्या या किनाऱ्यालगत जहाजं बुडवत होत्या. उघड्या समुद्रात न जाता उपसागरात पोचता यावं म्हणून लष्कराच्या इंजिनियर दलानं तो खणला. आज त्यातून मासेमारी बोटी जातात. पश्चिम तोंडाशी उपसागरापलीकडच्या लुइस गावाला जाणारी फेरी उभी असते. तिची वेळही वहीत होती. अरुंद तोंडात तिच्या आड यायचं नाही.

[दृश्य : उपसागर. दूरवर पाण्यातून वर आलेलं दीपगृह.]

ब्रँडीवाइन शोल, माया मॉल शोल, शिप जॉन शोल. ही दीपगृहं जमिनीवर नाहीत, थेट उथळ पाण्यात रोवलेली आहेत. शिप जॉन हे नाव ‘जॉन’ नावाच्या जहाजाचं. अठराव्या शतकाच्या शेवटी ते इथंच रुतलं. प्रत्येक दीपगृहाशी पोचायची वेळ वहीत आधीच लिहिलेली, आणि शेजारी प्रत्यक्ष वेळ भरत जायची. मागे पडत असू तर ते माया मॉलपाशीच कळतं.

फिलाडेल्फियाला जाणारी मोठी जहाजं मधल्या खोल मार्गातून जातात. आम्ही बोयांच्या, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, बाहेरून, कडेकडेनं. आमच्या बोटीला तीन-चार फूट पाणी पुरतं, त्यांना चाळीसच्या वर लागतं. जागा कुणी सोडायची हे उघड आहे.

मग उजव्या हाताला होप क्रीक अणुवीजकेंद्राचा कूलिंग टॉवर दिसू लागतो. दिसतो, पण तासभर जवळ येत नाही. तो मागे पडला की डावीकडे रीडी पॉइंट.

[दृश्य : दगडी धक्क्यांमधून चेसापीक-डेलावेअर कालव्यात प्रवेश. वर उंच पूल.]

सतराव्या शतकात ऑगस्टिन हर्मन नावाचा नकाशाकार या प्रदेशात राहत होता. दोन उपसागरांमधली ही जमिनीची पट्टी किती अरुंद आहे हे त्यानं पाहिलं आणि इथं कालवा काढावा असं सुचवलं. खोदकाम सुरू झालं ते 1804 मध्ये. दोन वर्षांत पैसे संपले. 1824 मध्ये पुन्हा सुरुवात झाली आणि 1829 मध्ये कालवा उघडला. दलदलीतून, कुदळ-फावड्यानं, मजुरांनी खणलेला. तेव्हा तो दहा फूट खोल होता, चार जलपाशांचा (नाव वर-खाली नेणारे, दारं असलेले पाण्याचे कप्पे), आणि नावा काठावरून खेचरं ओढत. वरच्या भागात पाणी टिकेना, म्हणून चेसापीक सिटीला वाफेच्या इंजिनावर चालणारं प्रचंड पाणचक्र बसवलं. ते चक्र आजही तिथं पाहायला मिळतं. मला विचाराल तर या सगळ्या वाटेवर थांबून पाहण्यासारखी पहिली गोष्ट तीच.

1919 मध्ये सरकारनं कालवा विकत घेतला. 1927 पर्यंत तो समुद्रपातळीवर आणून जलपाश काढून टाकले. आज तो 14 मैल लांब, 450 फूट रुंद, 35 फूट खोल आहे. फिलाडेल्फिया ते बाल्टिमोर या जलवाटेतले जवळजवळ 300 मैल त्यानं वाचतात.

जलपाश गेले आणि ओढा आला. डेलावेअरच्या टोकाला भरती-ओहोटीत पाच फुटांहून जास्त फरक, चेसापीकच्या टोकाला तो बराच कमी, आणि दोन्हीकडच्या वेळाही वेगळ्या. ज्या बाजूला पातळी चढेल तिथून पाणी दुसरीकडे धावतं, दोन नॉट किंवा त्याहूनही जोरात. म्हणून कालव्याचं प्रवाहाचं कोष्टक पुन्हा वेगळं पाहायचं. उपसागरात साथ देणारं पाणी इथं साथ देईलच असं नाही.

कालव्यात नांगर टाकायचा नाही. केवळ शिडावर जायचं नाही, इंजिन हवंच. रेडिओ 13 क्रमांकाच्या चॅनलवर ठेवायचा, कारण नियंत्रण कक्ष आणि मोठी जहाजं त्यावरच बोलतात. समोरून येणारं जहाज दिसण्याआधी त्याचा आवाज ऐकू यायला हवा.

[दृश्य : दुपार. चेसापीक सिटीची खाडीसारखी आत वळलेली जागा. नांगर पाण्यात जातो.]

दीड वाजता आत वळलो. तोंडाशी गाळ साचतो आणि आडवा ओढा असतो, म्हणून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, थोडी ओढ्याच्या वरच्या बाजूला धरून, हळू. नांगर टाकला तेव्हा पश्चिमेला ढग भरत होते. अडीचला पहिली सर आली.

[दृश्य : केबिनचं टेबल. दुसरा नकाशा.]

उद्या एल्क नदी, टर्की पॉइंटचं दीपगृह आणि पुढे ॲनापोलिस. तिथं भरतीचा फरक जेमतेम फुटाचा, पण काळजी निराळी. वर पाऊस झाला की सस्क्वेहाना नदी लाकडाचे ओंडके वाहून आणते, आणि खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे दोर बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात अडकू शकतात. म्हणजे उजाडल्याशिवाय निघायचं नाही. कालव्यातलं पाणी किती वाजता वळतंय?

कोष्टक उघडलं. आजच्यापेक्षा पन्नास मिनिटं उशिरा.