बांध बांधला, मग फोडला

नमस्कार श्रोतेहो. समुद्रात बेट उभारायचं म्हटलं की सगळे वाळूचा हिशोब करतात. खरी डोकेदुखी असते पाण्याची. दुबईच्या 'पाम जुमेराह'ने, म्हणजे खजुराच्या झाडाच्या आकाराच्या कृत्रिम बेटाने, हे चांगलंच दाखवून दिलं.

आधी वाळूचं आटपून घेऊ. दुबईच्या पाठीशी अख्खं वाळवंट, तरी बेटासाठी वाळू आणली समुद्राच्या तळातून. वाळवंटातले कण वाऱ्याने घासून बारीक अन् गुळगुळीत झालेले, ते पाण्यात ठरत नाहीत. म्हणून ड्रेजर जहाजांनी तळाची भरड वाळू उपसली आणि कमानीसारखा फवारा मारत जागेवर टाकली. किती? सुमारे 9 कोटी 40 लाख घनमीटर! अशी टाकलेली वाळू भुसभुशीत असते. वर घर बांधलं तर खचणार, आणि भूकंपाचा हादरा बसला तर ओली वाळू चक्क पातळ होते. त्यावर उपाय म्हणजे थरथरणारे लांब पोलादी दांडे पाण्याच्या झोतासह वाळूत खोल घालायचे. डबा आपटला की पीठ खाली बसतं ना, तसे कण घट्ट बसतात. वर खड्डा पडतो, तो भरायचा.

आता बांधाची गोष्ट. काम 2001 साली सुरू झालं. मधे खोड, त्याला 16 झावळ्या आणि भोवती चंद्रकोरीसारखा 11 किलोमीटरचा बांध. तळाला वाळू, तिच्यावर पाणी झिरपू देणारं पण वाळू धरून ठेवणारं कापड, त्यावर टनाटनाचे दगड आणि सगळ्यात वर सहा-सहा टनांपर्यंतचे खडक. आराखड्यात हा बांध सलग होता, कुठेही फट नाही. लाटा अडल्या, आतलं पाणी शांत झालं. पण शांत पाणी वेगळं आणि साचलेलं पाणी वेगळं! बांधाने लाटेबरोबर भरती-ओहोटीही अडवली. झावळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत पाणी बदलेना. त्यात आखाताचं पाणी गरम, आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. साचलेल्या पाण्यात शेवाळं माजतं, आणि प्राणवायू संपला की पाण्याला वास सुटतो. आणि इथे तर प्रत्येक बंगला दारातल्या किनाऱ्यासह विकायचा!

मग काय, बांधाची रचना बदलली. दोन्ही अंगांना एकेक खिंड सोडली. भरतीचं पाणी आत येऊ लागलं, ओहोटीला बाहेर जाऊ लागलं. मोकळ्या समुद्राइतकं नाही, पण कामापुरतं. लक्षात घ्या, लाट नको, पण भरती हवी. खिंड फार रुंद ठेवली तर लाट घुसून किनाऱ्याची वाळू ओढून नेणार, फार अरुंद ठेवली तर पाणी पुन्हा साचणार. लाट नको, भरती हवी, सगळी कसरत त्या एका रुंदीची.

आता हा झावळ्यांचा आकार. त्याने किनारा लांबतो हे मान्य, पण त्याचं कौतुक करायचं तर विमानात बसावं लागतं. झावळीवर राहणाऱ्याला दिसतो समोरच्या झावळीवरचा बंगला. चित्रासाठी घर बांधायचं की राहणाऱ्यासाठी? असो.

शेजारीच 2003 साली 'द वर्ल्ड' सुरू झालं. जवळपास 300 छोटी बेटं, किनाऱ्याशी जोडणारा पूल नाही. म्हणजे माणूस, सिमेंट, खाणंपिणं, सगळं होडीने न्यायचं आणि सांडपाण्याची सोयही जागच्या जागी करायची. 2008च्या मंदीत पैसा आटला, आणि त्यांतली बहुतेक बेटं पुढे कित्येक वर्षं नुसते वाळूचे ढीग होऊन पडली.