भाऊसाहेब, गणपूर्ती झाली का?

नमस्कार श्रोतेहो. नववी-दहावीच्या मुलांना राज्यकारभार शिकवायचा कसा, हा आजचा विषय. आपल्याकडे तो इतिहासाच्या शेपटाला बांधलेला असतो. इतिहासाचे धडे संपेस्तोवर परीक्षा तोंडावर येते, मग राज्यशास्त्र उरतं रिकाम्या जागा भरण्यापुरतं. लोकसभा 543, विधानसभा 288, मतदानाचं वय 1989 साली 21 वरून 18 वर आलं. झालं, विषय संपला! आणि ज्या वर्गात हे शिकवायचं, त्या वर्गाचा मॉनिटर मात्र बाईंनी बोट दाखवून नेमलेला. असो, त्यावर मी बोलायला लागलो तर वेळ पुरणार नाही.

सातारा जिल्ह्यात माझे एक शिक्षक मित्र आहेत. त्यांनी वर्गाला एकच नियम शिकवला. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, किती? गावातल्या मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यातलं जे कमी असेल ते. पुन्हा सांगतो, पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. त्यांच्या गावात मतदार तेराशेच्या आसपास. म्हणजे शंभर हवेत.

दोन ऑक्टोबरला प्रतिमापूजन उरकलं आणि सर नववीला घेऊन थेट ग्रामसभेला गेले. मारुतीच्या देवळातला मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि तो माइक. आपल्याकडे माइक आधी किंचाळतो आणि मगच बोलतो. पन्नास माणसांच्या सभेला तो लागतो कशाला, हे कोडं मला सुटलेलं नाही. सरपंचांनी नारळ फोडला, ग्रामसेवकांनी इतिवृत्त वाचायला घेतलं. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून एक मुलगी उठली.

"भाऊसाहेब, गणपूर्ती झाली का?"

सभा हसली. ग्रामसेवक म्हणाले, "झाली की, बस खाली." मुलगी बसेना. "मी मोजलीत माणसं. एकसष्ट आहेत. आमचा वर्ग सोडून मोजलं, कारण आम्ही मतदार नाही."

हसणं थांबलं. एका आजोबांनी उठून बोटानं माणसं मोजायला सुरुवात केली. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा एकसष्टवर आले. सरपंचांनी ग्रामसेवकांकडे पाहिलं, ग्रामसेवकांनी रजिस्टरकडे. सभा तहकूब!

मुलं काय खूश! शाळेत येईपर्यंत त्या मुलीची मिरवणूक निघायची बाकी होती. पण गंमत पुढे आहे. आठवड्यानं तीच सभा पुन्हा भरली. त्या दिवशी माणसं आली पस्तीस. सोयाबीनची काढणी चालू, कोण येतंय? मुलगी उठायच्या आतच ग्रामसेवकांनी शांतपणे सांगितलं, "बाळ, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही." कायद्यात तसंच आहे. नीट ऐका, पहिल्या सभेला गणपूर्ती लागते, तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेला लागत नाही. अर्ध्या तासात सगळे ठराव मंजूर, वर चहा.

मुलगी सरांवर भडकली. "मग नियम शिकवलात कशाला?"

सरांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. माझ्या मते हाच त्यांचा मोठेपणा, नाहीतर आम्हा मास्तर लोकांना गप्प बसवत नाही. 1993 मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत सांगितलं. वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, हेही सांगितलं. आणि चाचणीत प्रश्न घातला: तहकूब सभेला गणपूर्ती नको, हे योग्य की अयोग्य? कारणे द्या.

निम्म्या वर्गानं 'अयोग्य' लिहिलं. त्या मुलीनं, आश्चर्य बघा, 'योग्य' लिहिलं. तिचं म्हणणं, लोक रुसून घरी बसले तर नळाचं काम वर्षभर अडेल. आणि शेवटच्या बाकावरच्या एका मुलानं योग्यही लिहिलं नाही, अयोग्यही नाही. त्यानं लिहिलं, "माझे आईबाबा दिवसभर रानात असतात. सभा संध्याकाळी सातला घ्या, मग मोजा."

सरांनी त्याला पाचपैकी चार दिले. एक ऱ्हस्व-दीर्घासाठी कापला. त्या बाबतीत ते फार कंजूष आहेत.