सायकलच्या दांड्यावर पडलेली मुलगी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या ओपीडीत एक प्रसंग ठरलेला असतो. 7-8 वर्षांची मुलगी, भावाची उंच सायकल, पाय सटकला आणि ती नेमकी दांड्यावर आपटली. आई खुर्चीत टेकायच्या आधीच हळूच विचारते, "डॉक्टर, पुढे हिच्या लग्नात काही अडचण नाही ना?" मला तिचा राग येत नाही. तिला लहानपणापासून हीच भीती घातलेली असते. पण त्या भीतीपायी चार तास घरीच गेलेले असतात, याचं मात्र फार वाईट वाटतं.

अशा पडण्यात दांडा आणि हाड यांच्यामध्ये लघवीच्या जागेची, योनीभोवतालची बाहेरची कातडी चिरडते. लहान मुलींत तिथे चरबीची गादी पातळ असते, म्हणून मुका मारही पटकन सुजतो, काळानिळा पडतो. त्या भागाला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे बारीकशा चिरीतूनही चड्डी भिजते. घाबरायला होतं, पण त्याच रक्तपुरवठ्यामुळे जखम लवकर भरते.

स्वच्छ कापडाने 10 मिनिटं सलग दाबून धरा, सारखं उघडून बघू नका. बर्फ रुमालात गुंडाळूनच लावा. हळद, कॉफी, पावडर काहीही भरू नका. आम्हाला ते आधी धुवावं लागतं आणि पोर कळवळते.

लक्ष ठेवायचं ते लघवीवर. आग होईल म्हणून मुली शू धरून ठेवतात. टबात कोमट पाणी घेऊन त्यात बसून करू द्या, चुरचुर कमी होते. सूज मोठी असेल तर मात्र लघवी अडते आणि नळी घालावी लागते. 6-8 तास शू झाली नाही, रक्त थांबेना, सूज वाढत चालली, तर लगेच निघा. गजावर किंवा तुटक्या फांदीवर पडली असेल तर बाहेर थेंबभरच रक्त दिसेल, पण आत मूत्राशयाला किंवा गुदाशयाला इजा झालेली असू शकते. तिथे वाट पाहूच नका.

रडणाऱ्या मुलीचे पाय चौघांनी धरून तपासणं मला मान्य नाही. नीट दिसत नसेल तर भूल देऊन तपासतो आणि लागलेच तर विरघळणारे टाके तेव्हाच घालतो. साकळलेल्या रक्ताची गाठ सहसा फोडत नाही, ती आपोआप जिरते. धनुर्वाताची लस झाली आहे का, तेही विचारतो.

आणि "कशी पडलीस?" हे आम्ही मुलीलाच विचारतो. आईने मध्ये उत्तर देऊ नये. हकीकत आणि जखम यांचा मेळ बसला नाही, अत्याचाराची शंका आली, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. उपचार त्यासाठी अडत नाहीत; आधी पोलिसांचा कागद आणा, असं कोणी म्हणू शकत नाही.

आता त्या आईचा प्रश्न. योनिपटल, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा, आतल्या बाजूला असतं, सायकलच्या मारातून ते बहुधा वाचतं. आणि कौमार्य ठरवणारी तपासणी वैद्यकशास्त्रात नाहीच, त्यामुळे तसा दाखला कोणी मागूही नये. बाहेरच्या जखमेचा पुढच्या पाळीशी, गर्भाशयाशी संबंध नाही. मुलीला मात्र एवढंच हवं असतं, की सायकल परत कधी? जखम पूर्ण भरली, दुखणं थांबलं की. आणि भावाची नको, तिच्या मापाची द्या, बसल्यावर पाय जमिनीला टेकतील अशी.