वेष्टनाचा भाव

[दृश्य: काळ्या पार्श्वभूमीवर पारदर्शक ॲक्रिलिकच्या पेटीत बंद केलेलं गेमचं खोकं. कॅमेरा कोपऱ्यांवरून हळूहळू फिरतो.]

जुलै २०२१. अमेरिकेतल्या एका लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. हा गेम दुर्मीळ मुळीच नाही. १९९६ मध्ये तो निन्टेन्डो कंपनीच्या ‘निन्टेन्डो ६४’ या कन्सोलसोबत, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासोबत, बाजारात आला आणि जगभरात त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. नुसती कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायची गेमची डबी, आजही शंभर डॉलरच्या आत मिळते. खेळायला बसलात तर दोन्हींत काडीचा फरक नाही. लिलावातल्या त्या खोक्यावरचं प्लॅस्टिकचं वेष्टन मात्र पंचवीस वर्षांत कुणी फाडलं नव्हतं.

जुन्या गेमच्या बाजारात एकाच गेमला तीन भाव असतात. नुसती कार्ट्रिज म्हणजे ‘लूज’. खोकं, पुस्तिका आणि आतले सगळे कागद शाबूत असतील तर ‘कम्प्लीट’. आणि ज्याचं वेष्टन कधी उघडलंच नाही, तो ‘सील्ड’. लूज आणि कम्प्लीट यांच्या भावात कित्येकदा तिप्पट-चौपट अंतर पडतं. त्याचं कारण अगदी साधं आहे. निन्टेन्डोची अमेरिकेतली खोकी पुठ्ठ्याची होती. मुलांनी ती घाईघाईने उघडली, झाकणं फाटली, आणि आठवड्याभरात खोकं कचऱ्यात गेलं. त्याच काळात सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीचे बरेचसे गेम जाड प्लॅस्टिकच्या डब्यांतून यायचे. ते डबे टिकले, म्हणून डब्यासकट मिळणारे सेगाचे गेम त्या मानाने स्वस्त राहिले. आज रिकामी खोकी आणि सुट्या पुस्तिकासुद्धा वेगळ्या विकल्या जातात, आणि त्या जमवून संच पुरा करणारे लोकही आहेत.

[दृश्य: ‘स्टेडियम इव्हेंट्स’ची कार्ट्रिज. शेजारी ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’.]

आता खऱ्याखुऱ्या दुर्मीळ गेमकडे येऊ. १९८७ मध्ये बान्डाय या कंपनीने निन्टेन्डोच्या ‘एनईएस’ कन्सोलसाठी जमिनीवर अंथरायची एक चटई आणली. तिच्यावर जागच्या जागी धावायचं, की पडद्यावरचा खेळाडू धावणार. सोबतचा गेम होता ‘स्टेडियम इव्हेंट्स’. निन्टेन्डोला ती चटई इतकी पसंत पडली की उत्तर अमेरिकेतले तिचे हक्कच त्यांनी विकत घेतले, तिला ‘पॉवर पॅड’ असं नाव दिलं, आणि १९८८ मध्ये तोच गेम ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ म्हणून पुन्हा बाजारात आणला. जुन्या नावाच्या प्रती दुकानांतून मागे घेतल्या गेल्या. त्याआधी ज्या थोड्या विकल्या गेल्या होत्या, तेवढ्याच उरल्या.

दोन्ही गेम जवळजवळ तंतोतंत सारखे आहेत. ‘ट्रॅक मीट’ची लूज कार्ट्रिज चिल्लर पैशांत मिळते, कारण पुढे ती ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आणि ‘डक हंट’ यांच्या जोडीने कन्सोलसोबतच दिली जात होती. अमेरिकी ‘स्टेडियम इव्हेंट्स’साठी मात्र लोक हजारो डॉलर मोजतात. गंमत पुढेच आहे: हाच गेम, याच नावाने युरोपातही निघाला होता, आणि त्या प्रतीला तो भाव नाही. म्हणजे इथे गेमला किंमत नाही, नावालाही नाही. किंमत आहे ती एका खंडात, काही महिन्यांत दुकानात लागलेल्या लेबलला.

[दृश्य: सोनेरी कार्ट्रिज. समोरच्या बाजूला उघडे दिसणारे छोटे स्विच.]

ही दुसरी तऱ्हा. १९९० मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेत शहरोशहरी ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप्स’ भरवल्या. स्पर्धकाला मिळत ६ मिनिटं २१ सेकंद. तेवढ्यात मारिओमध्ये ५० नाणी गोळा करायची, मग ‘रॅड रेसर’ची एक शर्यत पुरी करायची, आणि उरलेला सगळा वेळ टेट्रिस. टेट्रिसच्या गुणांना २५ने गुणलं जाई, म्हणून हुशार खेळाडू पहिले दोन गेम कसेबसे उरकून टेट्रिसकडे धाव घेत. या खास कार्ट्रिजच्या करड्या रंगाच्या ९० प्रती अंतिम फेरीतल्या स्पर्धकांना दिल्या गेल्या. सोनेरी रंगाच्या २६ ‘निन्टेन्डो पॉवर’ मासिकाच्या स्पर्धेतून वाटल्या गेल्या. यांतली एकही कार्ट्रिज कधी दुकानात विकायला नव्हती. वेळ कमी-जास्त करायचे स्विच तिच्या पुढच्या अंगाला उघडे आहेत, आणि सुबकपणाच्या नावाने आनंदच आहे.

पण केवळ प्रती कमी आहेत म्हणून भाव येत नाही. मोजक्या विकल्या गेलेल्या कितीतरी क्रीडा-गेमना आज कुणी विचारत नाही. मागणीही लागते, आणि ती कधीकधी फार उशिरा येते. ‘अर्थबाउंड’ हा गेम १९९५ मध्ये अमेरिकेत आला तो मोठ्या खोक्यात, सोबत जाडजूड मार्गदर्शिका घेऊन. जाहिरातीत गेमला घाण वास येतो असा विनोद होता, आणि हुंगायची कार्डंही होती. विनोद कुणाला फारसा रुचला नाही, गेम पडला. पुढे त्यातला नेस हा मुलगा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या निन्टेन्डोच्या मारामारीच्या गेममध्ये लढताना दिसला, तेव्हा नव्या पिढीने विचारलं, हा कोण? ते मोठं खोकं तोवर बहुतेकांनी टाकून दिलं होतं.

याच्या अगदी उलट अटारी या गेम कंपनीचा ‘ई.टी.’. १९८२ च्या नाताळसाठी पाचेक आठवड्यांत उरकलेला हा गेम इतका पडून राहिला की १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलमगॉर्डोच्या कचरा डेपोत अटारीने इतर मालासोबत तोही पुरला. एप्रिल २०१४ मध्ये तो खणून काढला. चेपलेल्या, मातकट कार्ट्रिज शहराने प्रमाणपत्रासह विकल्या आणि एक लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. स्वच्छ, चालू ‘ई.टी.’ तेव्हाही थोडक्या डॉलरांत मिळत होता.

[दृश्य: स्क्रू काढून उघडलेली कार्ट्रिज. हिरवा सर्किट बोर्ड.]

भाव आला की नकलाही येतात. लेबल हुबेहूब छापता येतं, म्हणून जाणकार माणूस बाहेरून पाहून पैसे देत नाही. निन्टेन्डोच्या कार्ट्रिजला खास ३.८ मिलिमीटरचा पेचकस लागतो. आत बोर्डवर कंपनीचं नाव आणि साल छापलेलं असावं, आणि चिपचे पाय कारखान्यात झाळलेले दिसावेत. काळ्या डिंकाचा गोळा किंवा हाताने ओढलेल्या तारा दिसल्या, की व्यवहार तिथेच संपवावा. खेळ जतन करणाऱ्या कार्ट्रिजमध्ये एक बटण-बॅटरीही असते. ती संपते, आणि ती बदलली तर ‘मूळ’पणा गेला की नाही, यावर संग्राहक तासन् तास भांडतात. मला विचाराल तर बदलावी.

सील्ड खोक्याला मात्र हा पेचकस लावता येत नाही. तिथे भरवसा ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे खोक्याची अवस्था तपासून गुण देणाऱ्या कंपनीच्या, आकड्यावर. एका गुंतवणूक मंचाने २०२० मध्ये १ लाख ४० हजार डॉलरला घेतलेला सील्ड ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, ज्याचे हिस्से करून विकले होते, तो ऑगस्ट २०२१ मध्ये २० लाख डॉलरला गेला. भाव मुद्दाम फुगवले गेले असा आरोप करत २०२२ मध्ये काही ग्राहक न्यायालयात गेले. या तेजीत गेमचा संबंध कितीसा उरला होता, हा प्रश्न मला तरी पडतो.

[दृश्य: सेगा सॅटर्नच्या चार डिस्क.]

मला पटणारी महागाई वेगळी आहे. २०२३ च्या एका पाहणीनुसार अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत. सेगाचा ‘पॅन्झर ड्रॅगून सागा’ त्यांतलाच. सॅटर्न कन्सोल मावळत असताना, १९९८ मध्ये अमेरिकेत तो थोड्याच प्रतींत आला आणि पुन्हा कधी निघाला नाही. इथे शेकडो डॉलर मोजणारा खरोखरच खेळायला घेतो. गोष्ट चार डिस्कवर ओळीने पसरली आहे, दुसरी अडकली तर पुढचं काही दिसत नाही. तेव्हा पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून चारही डिस्कच्या खालच्या बाजूचे फोटो मागून घ्या.