जटामांसी : बर्फाखाली तग धरणारे खोड

(दृश्य : रविवार पेठ, बेळगाव. काष्ठौषधींच्या दुकानाबाहेर मांडलेली पोती.)

दिवाळी जवळ आली की बेळगावच्या रविवार पेठेत उटण्याच्या जिनसांना मागणी वाढते. आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा यांच्या शेजारच्या पोत्यात तांबूस-तपकिरी केसांचे जुडगे दिसतात, ती जटामांसी. नागरमोथा आपल्याकडे शेताच्या बांधावरही उगवतो; जटामांसी मात्र खानापूर-जांबोटीच्या डोंगरांत कितीही शोधली तरी सापडणार नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, तर ही वनस्पती हिमालयात ३,००० ते ५,००० मीटरच्या पट्ट्यात वाढते.

"मावशी, पूड नेऊ नका, अख्खी न्या आणि घरी कुटा," असे दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो. त्याचा हा सल्ला योग्य आहे आणि तो का योग्य आहे, हे पुढच्या दृश्यांत उलगडेल.

(दृश्य : पांढऱ्या कागदावर एकच तुकडा, अगदी जवळून. चिमट्याने केस बाजूला केले जातात.)

बाजारात ज्याला मूळ म्हणतात, ते वस्तुतः जमिनीखालचे खोड, म्हणजे मूलक्षोड आहे. त्याच्यावरचे केस हे केस नसून मागील वर्षांच्या पानांचे अवशेष आहेत. दर हिवाळ्यात पाने वाळतात, देठांचा मऊ भाग कुजून जातो, चिवट शिरा मात्र खोडाला चिकटून राहतात आणि वर्षामागून वर्षे एकमेकींत गुंतत विरलेल्या गोणपाटासारखी जाळी तयार होते. चिमट्याने जाळी दूर केली की आत करंगळीहून बारीक, गडद तपकिरी खोड दिसते. ते ठिसूळ असते, पटकन मोडते आणि मोडताक्षणी उग्र सुवास पसरतो.

(दृश्य : तुंगनाथचे बुग्याळ, उत्तराखंड. धुके, उतारावरची फुले.)

हिमालयातील उंच कुरणांना तिकडे बुग्याळ म्हणतात. वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्यापलीकडे मोठी झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या, वरचा हा प्रदेश वर्षातील कित्येक महिने बर्फाखाली असतो, त्यामुळे पाने फुटणे, फुलणे आणि बी धरणे हे सर्व जटामांसीला उन्हाळ्यापासून शरदापर्यंतच्या मोजक्या महिन्यांत उरकावे लागते. लांबट, चमच्याच्या आकाराची पाने बहुतेक जमिनीलगतच निघतात आणि त्यांच्या शिरा उभ्या धावतात. फुलोऱ्याच्या दांड्यावर बिनदेठाच्या पानांच्या एकदोन जोड्याच असतात. संपूर्ण झाड वीतभर ते हातभर उंचीचे. शेंड्यावर फिकट गुलाबी, नळीसारखी फुले गुच्छाने येतात. फुलात पुंकेसर चार असतात आणि अंडाशयाच्या तीन कप्प्यांपैकी एकातच बी धरते. इवल्याशा केसाळ फळावर फुलाचा संवर्त, म्हणजे पाकळ्यांखालचे बाहेरचे आवरण, टिकून राहतो आणि वाढून पातळ पापुद्र्यासारखा होतो. जटामांसीचे कूळ पूर्वी व्हॅलेरिएनेसी मानले जाई, आता कॅप्रिफोलिएसीत गणले जाते. आपल्या बाजारातील सुगंधी मुळांची तगरही (बागेतले फुलझाड नव्हे) याच कुळातील.

(येथे निवेदन थांबेल. उपटलेली जटामांसी आणि तिच्या जागी उरलेला खड्डा, केवळ चित्र.)

औषधासाठी जमिनीखालचे खोडच हवे असल्याने झाड समूळ उपटले जाते. १९९७ पासून या वनस्पतीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या, संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे आणि धोक्यातील जातींच्या जागतिक 'लाल यादी'त तिची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे.

(दृश्य : बेळगावातील एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखालील आडवा छेद.)

या माहितीपटातील सर्वांत महत्त्वाचे चित्र आमच्या मते हे आहे. कोवळ्या मूलक्षोडात प्रकाष्ठाचे, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या ऊतीचे, सलग कडे असते. खोड जून होऊ लागले की त्या कड्याच्या आतच त्वक्षेचे, बुचाच्या जातीच्या पेशींचे, थर तयार होतात आणि मूळचे एक खोड चार ते नऊ स्वतंत्र दोरांत विभागले जाते. एका दोराला इजा झाली तरी बाकीचे निर्धोक राहावेत, असा या रचनेचा अर्थ लावला जातो. छेदात दिसणारे इतके दोर म्हणजे हे झाड बरेच जुने होते, आणि उटण्याच्या एका वाटीसाठी अशी कित्येक झाडे लागतात, हे विसरता येणार नाही.

जटामांसीत भेसळ होते ती बहुधा भूतकेशीच्या मुळांची. भूतकेशी कोथिंबीर-जिऱ्याच्या कुळातील असल्याने तिच्या छेदात तेलनलिका आढळतात, दोरांची ही विभागणी आढळत नाही. पूड झाल्यावर हा फरक साध्या डोळ्यांना कळणे अशक्य होते. अख्खा तुकडा हातात असेल तर जाळी सोडवून, मोडून, वास घेऊन निदान पहिली पारख घरच्या घरी करता येते, आणि तो माल लागवडीतला आहे की रानातून उपटलेला, हे दुकानदाराला विचारताही येते.