पुडी घरात गेली, पण पोटात गेली का?

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा लागला की मेडिकलच्या दुकानात जुलाबाची गिऱ्हाइकं वाढतात. ओआरएसची पुडी म्हणजे काय, ती कधी द्यायची, हे सांगत बसत नाही. साखर-मीठ-पाणी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी आजीच्या हातून प्यायलेलं आहे. आज बोलायचंय ते त्या पुढच्या गोष्टीबद्दल.

फार्मसीच्या कॉलेजात गोळी पाण्यात किती मिनिटांत विरघळते हे मोजायला शिकवतात. पाणी 37 अंशांवर, फिरणारी दांडी, घड्याळ, सगळं काटेकोर. पण तीच गोळी कुणाच्या घरात, वाटीतल्या पाण्यात, खरोखर विरघळवली गेली का? याची वही कुठल्याच प्रयोगशाळेत नसते. पुडी घरात गेली म्हणजे पोटात गेली असं नाही. हे वाक्य मी पुन्हा म्हणणार आहे, कारण आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवती आहे.

औषध चांगलं आहे हे सिद्ध झाल्यावर ते माणसांच्या रोजच्या वापरात कसं उतरतं, कुठे अडतं, का अडतं, याचा शिस्तीत अभ्यास म्हणजे इम्प्लिमेंटेशन सायन्स. मराठीत अंमलबजावणीचं शास्त्र म्हणा. झिंकचं बघा. लहान मुलाच्या जुलाबात ओआरएसबरोबर झिंकही द्या, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 साली एकत्र सांगितलं. आपल्या देशातलं 2019 ते 21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण काढा. जुलाब झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ओआरएस मिळालं 60 टक्क्यांच्या थोडं वर मुलांना, आणि झिंक जेमतेम 30 टक्क्यांना. झिंकच्या गोळीत काही बिघाड नाही. बिघाड आहे तो वाटेत.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हा विषय घेतला. गोष्ट बांगलादेशची आहे.

साखर-मीठ-पाण्याने कॉलऱ्याचा रुग्ण वाचतो हे 1968 पर्यंत ढाक्यात दिसून आलं होतं. 1971 च्या युद्धात आपल्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हजारो लोकांवर ते वापरलं. सलाइन संपलं, तेव्हा कलकत्त्यात ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा तोलून पिशव्या भरल्या, त्या छावणीत नेल्या आणि पिंपातल्या पाण्यात कालवून नातेवाइकांनाच पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्याही खाली आलं. म्हणजे औषध सिद्ध झालं. आता प्रश्न गावातल्या झोपडीतल्या आईचा.

ब्रॅक ही तिथली संस्था. 1980 साली तिने ठरवलं की पुडी वाटायची नाही, पुडी घरी करायला शिकवायचं. लोबोन-गूड. लोबोन म्हणजे मीठ, गूड म्हणजे आपला गूळच. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. अर्धा शेर म्हणजे साधारण अर्धा लिटर. तरुण बायकांची पथकं केली, बरोबर स्वयंपाकी आणि एक देखरेख करणारा पुरुष, आणि ही मंडळी पायी पायी गावोगाव निघाली. घरात जायचं, ओसरीवर बसायचं, आईला तोंडी समजवायचं, मग तिच्याच हातून तिच्याच घरातल्या भांड्यात पाणी करून घ्यायचं. भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करायची. लक्षात ठेवायच्या गोष्टी सुरुवातीला दहा होत्या. बायकांना दहा लक्षात राहीनात. कमी करून सात केल्या. (एका छापील चिठ्ठीवर चौदा सूचना, तीही इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात छापणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनी हे ऐकावं.)

आता पगाराची गंमत. शिकवणाऱ्या बाईला पगार किती घरी गेली यावर नाही. महिन्याभराने दुसराच माणूस काही घरं चिठ्ठ्या टाकून निवडणार, तिथे जाऊन आईला प्रश्न विचारणार, तिच्याकडून पाणी करून घेणार, त्याचा नमुना मिठासाठी तपासायला प्रयोगशाळेत जाणार. आईला किती आठवलं आणि पाणी किती बरोबर झालं, त्याप्रमाणे शिकवणारीचे पैसे. मीठ का तपासायचं? जास्त झालं तर बाळाला धोका, कमी झालं तर उपयोग नाही. जास्त मीठ हा खरा धोका आहे, ते ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तर आयांची उत्तरं उत्तम आली. सगळं पाठ. पाणीही बरोबर. म्हणजे काम फत्ते? नाही. कुणीतरी पुढचा प्रश्न विचारला. मूल आजारी पडलं तेव्हा वापरलंत का? आणि तिथे सगळं ढासळलं. वापर फारच थोडा होता.

शोधायला लागले तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. पहिली, शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर विश्वास नव्हता. आपल्याला जुलाब झाले तर त्या स्वतः गोळी घेत होत्या. तोंडाने सांगत होत्या, पण घरातल्या आईला ते ऐकू येतंच. तेव्हा शिकवणाऱ्यांना ढाक्याला नेलं, हे पाणी आतड्यात कसं काम करतं ते दाखवलं. आणि घरी पाणी केल्यावर आईसमोर आधी स्वतः घोट घ्यायचा, असा नेम केला. दुसरी गोष्ट, पुरुषांना कुणी विचारलंच नव्हतं. घरातला दादला म्हणणार, डॉक्टरकडे ने, हे काय पाणी पाजतेस! आई काय करणार? मग बाजारात, मशिदीजवळ पुरुषांच्या बैठका सुरू झाल्या, रेडिओवरूनही सांगायला लागले. हळूहळू वापर वाढला. दहा वर्षांत 1 कोटी 20 लाखांहून जास्त घरी हे शिकवलं गेलं.

यातलं मला सगळ्यात आवडतं ते काय सांगू? पाणी बदललं नाही. तीच चिमूट, तीच मूठ. बदलला तो प्रश्न. "शिकली का" ऐवजी "वापरलं का". पुडी घरात गेली म्हणजे पोटात गेली असं नाही, हे त्यांनी मोजून दाखवलं.

गोष्टीत बराच वेळ गेला, आता थोडक्यात आपल्याकडे येऊ.

आपल्या फार्मसी कॉलेजांतून हे काम होऊ शकतं, कारण माणसं तिथेच आहेत. डी.फार्म.च्या, म्हणजे फार्मसीच्या पदविकेच्या मुलांना 500 तास प्रत्यक्ष दुकानात किंवा रुग्णालयात काढावे लागतात. एवढे तास काउंटरवर उभं राहायचं आणि फक्त फडक्याने कपाट पुसायचं? पण एकटं कॉलेज हे करू शकत नाही. पदवीची कॉलेजं वेगवेगळ्या विद्यापीठांना जोडलेली, पदविकेची तंत्रशिक्षण मंडळाला. परीक्षा वेगळ्या, सुट्ट्या वेगळ्या. म्हणून एकाच तालुक्यातली किंवा एसटीने तासाभरात गाठता येतील अशी चार-सहा कॉलेजं एकत्र या.

गट असा असू द्या: प्रत्येक कॉलेजातून एक नाही, दोन शिक्षक. एकाची बदली होते, दुसरा नोकरी सोडतो, आणि गट त्या दिवशी मरतो. हे सगळ्यात जास्त घडतं. त्यांच्याबरोबर दोन विद्यार्थी, तालुक्यातल्या केमिस्ट संघटनेचा एक दुकानदार आणि एक आशा ताई. दुकानदार आणि आशा ताई नसतील तर गट करूच नका. नुसते शिक्षक जमले तर परिसंवाद होतो, हार-तुरे होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात आणि जेवण चांगलं होतं. महिन्यातून एकदा, एक तास, एकच प्रश्न. पहिली दहा मिनिटं "काय फसलं" यालाच. फसलेलं सांगायची सवय पहिल्या बैठकीत लागली नाही तर पुढे लागत नाही. नोंद एका जाड वहीत. मोबाइलवरचा ग्रुप चालेल, पण त्यात शुभ सकाळ आणि गुलाबाची फुलं यायला लागली की तो ग्रुप संपला म्हणा. आणि लेख छापायचा झाला तर नाव कुणाचं आधी, हे पहिल्याच दिवशी ठरवा. भांडणं शेवटी होतात, आणि ती यावरूनच होतात.

पहिलं काम मोजण्याचं. तीसेक दुकानं घ्या. विद्यार्थी खोटं गिऱ्हाईक होऊन जातो: "दीड वर्षाच्या पोराला जुलाब होतायत." पाच गोष्टी बघायच्या. वय विचारलं का? ओआरएसची पुडी दिली का? एक लिटर पाणी असं सांगितलं का? झिंक दिलं का? आणि जुलाब बंद करायची गोळी किंवा अँटिबायोटिक हातावर ठेवलं का? या पाच प्रश्नांचा अर्ज दुकानाबाहेर येऊन लगेच भरायचा, दुकानात नाही. याला कॉलेजच्या नीतिसमितीची परवानगी आधी घ्या. दुकानाचं नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. आणि संघटनेला सांगून ठेवा की येत्या दोन महिन्यांत कधीतरी मुलं येतील, तारीख मात्र सांगू नका. नाहीतर एफडीएचा माणूस आला समजून दुकानदार वेगळंच वागतो, किंवा पोराला पकडून ठेवतो. मुलांची तयारीही करून घ्या. एकच नाटक दोघांनी बघून वेगवेगळा अर्ज भरायचा. एखाद्या प्रश्नावर सारखा फरक पडत असेल तर तो प्रश्न नव्याने लिहायचा.

मग बदल करा, तोही एकच. आपल्याकडे दोन आकाराच्या पुड्या मिळतात: मोठी एक लिटरची, लहान 200 मिलीची. लोक मोठी पुडी पेलाभर पाण्यात टाकतात. हिशेब करा: 20.5 ग्रॅमची पुडी लिटरभर पाण्यात पडली तर सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, लिटरला 75 मिलीइक्विव्हॅलंट (हे क्षार मोजायचं माप). तीच 200 मिलीच्या पेल्यात पडली तर पाचपट, 375. बाळाचं शरीर आधीच सुकलेलं, त्यात हे खारट पाणी. म्हणून काउंटरवर रिकामी एक लिटरची बाटली उभी ठेवा. पुडी देताना बाटलीला बोट लावायचं: "मोठी पुडी, ही भरून पाणी, चोवीस तासांत संपवा, उरलं तर टाका." आणि मग गिऱ्हाइकालाच विचारायचं, "घरी गेल्यावर काय कराल, सांगा बघू." एवढंच. मिनिटभराचं काम.

हे संध्याकाळी सात ते नऊ फसतं, कारण रांग असते आणि काउंटरवर फार्मासिस्ट नसतो, पोरगा असतो. कायद्याने काय असावं ते सगळ्यांना माहीत आहे. पण तोवर त्या पोरालाही बाटलीला बोट लावायला शिकवा. (आणि त्याला "ए पोऱ्या" म्हणू नका. त्याच्या हातून तालुक्यातली निम्मी औषधं जातात.)

झिंकचं वेगळंच दुखणं. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याखाली 10 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात, आई गोळी थांबवते. तिचं काय चुकलं? मूल बरं दिसतंय. म्हणून दुकानात परवानगी घेऊन फोन नंबर लिहून ठेवायचा, पंधराव्या दिवशी फोन करायचा. "गोळ्या दिल्या का" असं विचाराल तर सगळ्या आया "हो" म्हणतील. विचारायचं, "पट्टीत किती उरल्या, मोजून सांगता का?" पुडी घरात गेली म्हणजे पोटात गेली असं नाही, आणि गोळीचंही तेच.

या साऱ्याची नावं परदेशी पुस्तकांत आहेत: रीच, अडॉप्शन, फिडेलिटी, सस्टेनेबिलिटी. आपण एवढंच विचारायचं: किती जणांपर्यंत पोचलं, किती दुकानांनी धरलं, सांगितलं तसंच होतंय का, आणि आपण जाणं बंद केल्यावर सहा महिन्यांनी ती बाटली काउंटरवर उभी आहे का.

एक जाताजाता. गोड सरबताच्या डब्यांवर ओआरएस ही अक्षरं मिरवायला 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली. फार आधी व्हायला हवं होतं. तुमच्या तीस दुकानांच्या पाहणीत हा सहावा प्रश्न घाला: पुडी मागितल्यावर डबा तर दिला नाही ना?

आणि हो, दुकानदाराला बैठकीला बोलवायचं असेल तर दुपारी दोन ते चार ही वेळ ठेवा. त्या वेळी शटर अर्धं असतं आणि माणूस मोकळा असतो. नमस्कार.